निजलेल्या यंत्रास हांक

निजलेल्यास उठविणें हें काम आपल्या लोकांनीं फार प्राचीन काळापासून गंभीरपणानें घेतलेलें आहे. पंढरपुरास पहांटे काकड आरतीनें देवास जागें करितात. घरोघरीं भूपाळ्या म्हणण्याची चाल होती. आणि रामायणांत कुंभकर्णास उठवितांना शंख, नगारे, हत्ती आणि अन्नाचे ढीग एवढी सामग्री लागल्याचें वर्णन आहे. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान दिसते. उठविणारा हा निजलेल्याच्या जवळ असतो. आम्ही मात्र गेलीं कांहीं वर्षें मुंबईस बसून वाईच्या घरांतील एका निजलेल्यास उठवीत आहों. त्या उद्योगांत जें कांहीं आमच्या प्रत्ययास आलें तें वाचकांस सांगावें असें मनांत आल्यामुळें हा लेख लिहावयास घेतला आहे.

हा निजलेला म्हणजे आमच्या वडिलांच्या टेबलावरील संगणक होय. वडील शाळामास्तर होते. वाई-सातारा भागांतील बोलण्यांतले शब्द पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर टिपून ठेवण्याचा छंद त्यांनीं चाळीस वर्षें जोपासला. २०१९ सालीं ते गेल्यानंतर आम्हीं त्या चिठ्ठ्यांचीं छायाचित्रें काढून या संगणकांत भरलीं, आणि त्यांची वर्णानुक्रमानें सूची करण्याचें काम रात्रीं फुरसतीच्या वेळीं चालविलें. मग यंत्रच मुंबईस कां आणिलें नाहीं, असें कोणी विचारील. चित्रांची एक प्रत आम्हांजवळ आहेच. परंतु सूचींत रोज फेरफार होत असल्यामुळें ती दोन ठिकाणीं ठेविल्यास खरी कोणती हा घोंटाळा उत्पन्न होतो, हें एक कारण. दुसरें कारण असें कीं, यंत्र उचलून नेण्याची गोष्ट काढतांच आई म्हणाली, "टेबल ओकंबोकं दिसेल." या कारणापुढें पहिल्या कारणाची गरजच उरली नाहीं. म्हणून यंत्र वाईस आणि आम्ही मुंबईस, अशी व्यवस्था झाली.

दूरचा संगणक चालूं असला तर त्याचा पडदा आपल्या पडद्यावर आणून काम करणें आतां शाळेंतील मुलांसही येतें. अडचण येते ती तो बंद असला म्हणजे. तो अहोरात्र चालूं ठेवावा हा सोपा उपाय. पण हिशेबाला तो टिकत नाहीं. असा संगणक कांहीं काम न करितां नुसता बसून ५० वॉट वीज खातो असें धरूं. वर्षाचे ८,७६० तास. म्हणजे ४३८ युनिटें केवळ वाट पाहण्यांत खर्चीं पडतील. शिवाय रिकाम्या खोलींत दिवा जळत राहिलेला आईला खपत नाहीं, आणि तिच्या लेखीं संगणक हा दिव्याचाच एक प्रकार आहे. तेव्हां रोज रात्रीं साडेआठ वाजतां आम्ही तिला फोन करीत असूं. ती वडिलांच्या खोलींत जाऊन बटण दाबी, "लागला बघ निळा दिवा" असें सांगे, आणि मग नळास पाणी आलें कीं नाहीं, कृष्णेस किती पाणी चढलें आहे, शेजारीं कोण पाहुणे उतरले आहेत, हें सारें ओघानें येई. बटण दाबण्याचें काम एका क्षणाचें. फोन चाले पंधरा मिनिटें. हीं पंधरा मिनिटें सूचीच्या कामांतून वजा होतात असें त्या वेळीं आम्हांस वाटत असे, हें येथें कबूल केलें पाहिजे.

२०२२ सालीं आमचा भाचा सुटींत वाईस गेला होता. तो यंत्रविद्येच्या कॉलेजांत शिकतो. हा नित्यक्रम पाहून तो आम्हांस फोनवर म्हणाला, "मामा, रोज आजीला कशाला उठवता? यंत्रालाच उठवा ना." आणि यंत्र कसें उठतें तें त्यानें आम्हांस समजावून दिलें.

वस्तुतः बंद केलेला संगणक पुरता निजत नाहीं. जुन्या संगणकाचें बटण घरांतील दिव्याच्या बटणासारखें असे. तें फिरविलें कीं वीज तुटली. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाची नवी रचना आणिली. तींत पुढचें बटण ही केवळ एक सूचना असते. भिंतीवरचा प्लग चालूं आहे तोंवर यंत्राच्या वीजपेटींतून निघणाऱ्या एका जांभळ्या तारेंत पांच व्होल्टांची बारीक वीज खेळत राहते, आणि तिच्यावर नेटवर्क कार्ड, म्हणजे जाळ्याची तार जींत खोंचतात ती पट्टी, जागी राहूं शकते. सारें घर निजलें असतां ओसरीवर एखादी म्हातारी एक कान उघडा ठेवून पडलेली असावी, तसा हा प्रकार आहे. वॉटभर विजेंत हें काम भागतें असें धरल्यास वर्षास पावणेनऊ युनिटें पडतात. ४३८ च्या मानानें हा पहारा फारच स्वस्त म्हटला पाहिजे.

हा पहारा भलत्या आवाजानें उठत नाहीं. जाळ्यांतून रात्रंदिवस असंख्य निरोप जात असतात. त्यांतून आपल्या यंत्राच्या नांवाची एकच विशिष्ट हांक त्याला ओळखावयाची असते. ही हांक एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपन्यांनीं मिळून ठरविली, आणि १९९५ सालीं एएमडीनें तिच्यावरील टिपण प्रसिद्ध केलें. तिचें नांव 'मॅजिक पॅकेट', म्हणजे जादूची पुडी. पुढें १९९७ सालीं इंटेल आणि आयबीएम यांनीं 'वेक ऑन लॅन' या नांवानें ही विद्या प्रचारांत आणिली. हेतु अगदीं कचेरीचा होता. शेंकडों टेबलांवरचे संगणक रात्रीं दुरुस्त करावयाचे झाल्यास प्रत्येकाचें बटण दाबीत कोणी मजल्यामजल्यानें हिंडावें, तो त्रास वांचावा, एवढाच.

पुडी उघडून पाहिली तर तींत जादू फारशी नाहीं. प्रथम सहा बाइट. प्रत्येकाचें मूल्य २५५, म्हणजे एका बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. ही झाली आरोळी. त्यामागून यंत्राचा पत्ता लागोपाठ सोळा वेळां. हा पत्ताही सहा बाइटांचा असतो. त्यांतला पहिला अर्धा भाग कार्ड बनविणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या एका कार्डाचा स्वतःचा. संकल्प सोडतांना गोत्र आणि नांव दोन्ही उच्चारावींत, त्यांतलाच हा मासला. सोळा सक शहाण्णव आणि आरोळीचे सहा मिळून १०२ बाइट झाले कीं मंत्र पुरा होतो. सोळाच वेळां कां, असें आम्हीं विचारलें. इतर मजकुरांत चुकून एवढी पुनरुक्ति होणें जवळजवळ अशक्य, म्हणून भलत्या वेळीं कोणी जागें होत नाहीं, असें भाच्यानें उत्तर दिलें. उत्तर बरोबरच आहे. तरी षोडशोपचारांची आठवण व्हावयाची ती आम्हांस झालीच.

या हांकेच्या दोन गोष्टी आमच्या मनांत विशेष राहिल्या. पहिली ही कीं, हांक मारणारा कोण याची चौकशी तींत नाहीं. घराच्या जाळ्यांत शिरलेला कोणीही, पत्ता ठाऊक असल्यास, यंत्र उठवूं शकतो. परवलीचा शब्द जोडण्याची सोय कांहीं कार्डांत असते. पण तो शब्दही उघडाच जातो. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. या हांकेस पोंच नाहीं. पुडी पाठविली कीं पाठविणाऱ्याचें काम संपलें. ती पोंचली कीं नाहीं, यंत्र उठलें कीं कुशीवर वळून पुन्हां निजलें, हें कळण्याचा मार्ग त्या पुडींत ठेविलेलाच नाहीं. पुष्कळदां ती नवव्या क्रमांकाच्या दारावर पाठवितात. हें दार १९८३ सालीं एका खास कामासाठीं नेमून दिलेलें आहे. तेथें येईल तें फेकून द्यावयाचें आणि उत्तर करावयाचें नाहीं. पहाऱ्यावरचें कार्ड दाराकडे न पाहतां आंतील मजकूरच वाचतें म्हणून चालतें. परंतु कचऱ्याच्या टोपलींत चिठ्ठी टाकून ती वाचली जाईल अशी वाट पाहत बसावें, तसें हें आम्हांस प्रथम वाटलें खरें.

आणखी एक अडचण होती ती मुंबई आणि वाई यांमधील अंतराची. जाळ्यांतील यंत्रें कोणाचा पत्ता कोणत्या दारीं आहे याची एक टिपणवही ठेवितात. निजलेलें यंत्र उत्तर देत नसल्यामुळें थोड्याच वेळांत त्याचें नांव त्या वहींतून जातें. म्हणून त्याला उठवावयाचें तर घरांतल्या सर्वांस ऐकूं जाईल अशी एकच मोठी हांक मारावी लागते. अशी हांक बाहेरून आंत सोडण्याची मुभा पूर्वीं असे. परंतु एका हांकेनें शेंकडों यंत्रांकडून उत्तरें काढून तीं तिसऱ्याच बिचाऱ्यावर लोटण्याचा दुष्ट उद्योग कांहीं लोकांनीं आरंभिला, आणि १९९९ सालीं असें ठरलें कीं, राउटरांनीं बाहेरची सार्वत्रिक हांक, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज, आंत घेऊं नये. तात्पर्य, निजलेल्यास उठवावयाचें तर घरांतलेंच कोणीतरी जागें पाहिजे. ही जागी राहण्याची नोकरी आजवर आमची आई करीत होती. भाच्यानें ती रास्पबेरी पाय नांवाच्या, तळहातावर मावणाऱ्या एका छोट्या संगणकास दिली. तो आणि राउटर हे दोघे इन्व्हर्टरवर ठेविले, कारण वाईस वादळवाऱ्यांत वीज जाते. मोठा संगणक इन्व्हर्टरवर घेतला असता तर बॅटरी लवकर संपली असती, म्हणून तो सरळ भिंतीवरच्या विजेवर राहिला. आम्हीं मुंबईहून या डबीस सांगावयाचें, आणि तिनें घरांत हांक द्यावयाची, असें ठरलें.

पहिल्या रात्रीं हांक दिली, मिनिटभर वाट पाहिली, आणि वडिलांच्या टेबलावरचा पडदा मुंबईस आमच्यापुढें उघडला. आम्हांस जो आनंद झाला तो सांगण्यासाठीं आम्हीं लागलीच आईस फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे आता मला उठायला नको तर." आम्हांस तो सुटकेचा उद्गार वाटला.

त्यानंतर सूचीच्या कामास चांगलाच वेग आला. दोन वर्षांत आम्ही प वर्गापर्यंत येऊन पोंचलों. रोजचा फोन आठवड्यांतून दोनदां झाला, मग रविवारचा झाला, आणि एखादा रविवार तसाच गेला तरी त्याची रुखरुख वाटेनाशी झाली. कोणी भांडलें नाहीं, कोणी रागावलें नाहीं. कारणच उरलें नव्हतें. ज्या दोऱ्यानें मणी ओंवले होते तो दोराच काढून घेतल्यावर मणी घरंगळले, त्यांत मण्यांचा दोष तो काय?

२०२४ सालच्या मे महिन्यांत एके रात्रीं आम्हीं नेहमींप्रमाणें हांक दिली. डबीनें "पाठविली" असें सांगितलें. यंत्र उठलें नाहीं. पांच मिनिटांनीं पुन्हां दिली, पुन्हां तेंच. तिसऱ्यांदा दिली तेव्हां त्रासून आम्हीं डबीसच दोष दिला. तीन पुड्यांत मिळून त्या यंत्राचें नांव आम्हीं अठ्ठेचाळीस वेळां घेतलें होतें. मग नाइलाज म्हणून आईस फोन लाविला. तो तिच्यासाठीं नव्हे, तर बटण दाबण्यासाठीं.

"वीज दुपारी दोनलाच गेली," ती म्हणाली. "केवढं वादळ झालं! समोरच्या आंब्याची फांदी तारांवर पडली. माणसं येऊन गेली, रात्रीपर्यंत येईल म्हणाली."

घड्याळांत नऊ वाजले होते. वैशाखांतल्या उकाड्याचे सात तास लोटले होते. दिवा-पंखा तरी चालतो ना, असें आम्हीं विचारलें.

"बंद करून ठेवलाय. समई लावून बसलेय. ती तुझी डबी चालू राहायला हवी ना? ती विझली तर तुझं काम अडतं, असं पोरानं जाताना सांगितलं होतं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आमची आई त्या उकाड्यांत पंख्यावांचून बसली होती, कां तर एका डबीनें जागें राहावें. आणि ती डबी जागी राहून, ज्या यंत्रास मुळींच वीज नव्हती त्याला आमच्या सांगण्यावरून हांका मारीत होती. आम्हीं तिला डबी विझूं दे, पंखा लाव, असें सांगितलें. ती दोनदां म्हणाली, "नक्की ना?" शेवटीं फोनमधून पंख्याची घरघर ऐकूं आली तेव्हां आम्हांस जरा बरें वाटलें. मग आम्हीं विचारलें कीं, असें होतें तर तूं आपण होऊन फोन कां केला नाहींस.

"कशाला करायचा? रोज साडेआठाला खोलीतला निळा दिवा आपोआप लागतो. तो लागला की कळतं, हा कामाला बसला, म्हणजे बरा आहे. मग मी खिडकी लावून घेते नि जेवते. आज लागला नाही. पण आज वीजच नव्हती."

यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. या हांकेस पोंच नाहीं असें आम्ही समजत होतों. तिची पोंच दोन वर्षें वाईस दर रात्रीं कोणी घेत होतें, खिडकी लावीत होतें आणि मग पानावर बसत होतें. आमच्याकडे मात्र त्या खोलींतून येणारा असा कोणताच दिवा नव्हता. आणि तसा तो असावा असें आमच्या मनांतही आलें नव्हतें.

वीज मध्यरात्रीनंतर आली. दुसऱ्या दिवशीं रात्रीं यंत्र तरीही उठेना. भाच्यानें खुलासा केला कीं, वीज समूळ तुटली म्हणजे कांहीं यंत्रांतील कार्ड आपला पहारा विसरतें. एकदां कोणीं हातानें यंत्र सुरू करून रीतसर बंद केलें म्हणजे तें पुन्हां कान उघडा ठेवून निजतें. म्हणून आईनें बटण दाबलें, "लागला बघ" म्हणाली, आणि पूर्वींसारखीच पंधरा मिनिटें बोलली. पुढच्या सुटींत भाच्यानें यंत्राच्या बायोसमध्यें वीज परत येतांच यंत्र आपोआप सुरू व्हावें अशी तजवीज करून टाकिली. आतां बटणाशीं कोणाचें कांहींच काम राहिलेलें नाहीं. ती तजवीज करूं नको असें त्याला सांगण्याचें एकदां आमच्या मनांत आलें होतें. पण आईशीं बोलण्यासाठीं यंत्र मोडकें ठेवणें हें कांहीं शहाणपणाचें लक्षण नव्हे, असें समजून आम्ही गप्प राहिलों.

त्या दिवसापासून आम्ही साडेआठ वाजतां आधीं फोन करितों आणि मग हांक देतों. हें लिहावयास सोपें आहे. करावयास प्रथम जड गेलें. कामाचा फोन कोणासही येतो. बिनकामाचा फोन कसा करावा हें शिकावें लागतें. पहिल्या रात्रीं आईनें फोन उचलतांच विचारलें, "काय रे, दिवा लागला नाही का?"

अजून लाविला नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

"मग काय काम होतं?"

कांहीं काम नव्हतें. तसें सांगितल्यावर दोन्हीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग तिनेंच सुरुवात केली. त्या मोडलेल्या फांदीवरच्या कैऱ्या शेजाऱ्यांनीं वांटल्या होत्या. तिच्या वांट्यास दोन शेर आल्या. त्यांचा साखरांबा केला आहे, पाक किंचित् घट्ट झाला आहे, पण चव चांगली उतरली आहे. बरणीला दादरा बांधून ठेविला आहे. मुंबईस कोणी येणारें असेल तर कळव, त्याच्याबरोबर पाठवितें, असें ती म्हणाली. येत्या शनिवारीं आपणच येतों, असें आम्हीं सांगितलें.